पूररेषा

पुलाच्या बाजाराकडच्या टोकाशी एक दगडी भिंत होती, शेवाळलेली, कायम ओलसर, आणि तिच्यावर जुन्या पुरांच्या आडव्या रेषा कोरलेल्या होत्या... आज इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, पावसाची झड लागली की त्या दगडाचा वास नाकाशी येतो.

बाबांच्या नोकरीपायी माझं लहानपण इंग्लंडमधल्या त्या चिमुकल्या बाजारगावात गेलं. नदीनं गावाला तीन बाजूंनी कवेत घेतलेलं. उंचावर चर्च आणि चौक, जिथे पिढ्यान्‌पिढ्या दर गुरुवारी बाजार भरत आलेला — पूर्वी लोकरीचा, आमच्या वेळी चीज, सफरचंदं आणि गमबुटांचा. आणि पुलापलीकडे, सखल गल्लीत, आमचं भाड्याचं घर. भिंतींवर रेघोट्या नकोत, अशी घरमालकीणबाईंची ताकीद होती, म्हणून बाबा माझी उंची त्या पूररेषांवर मोजत. "बघ, खालची रेघ आता तुझ्या हनुवटीला लागते," ते कौतुकानं म्हणत. काय ही हौस! मला एवढंच कळे, की पाणी इथवर आलं तर नाकात शिरायला बोटभरच उरतं.

एका गुरुवारी आम्ही दोघं बाजारात असताना नदी चढली. धावत खाली आलो, तर पूल बंद केलेला. गढूळ पाण्यात सफरचंदांच्या पेट्या तरंगत होत्या आणि खालची रेघ, माझी रेघ, दिसेनाशी झाली होती. पलीकडे घरात आई एकटी.

"बाबा, आई कुठल्या रेघेला लागते?"

आईला कुणी त्या भिंतीशी कधी उभं केलंच नव्हतं. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की दुखत होता. बाबाही घाबरतात हे मला तेव्हा कळलं, आणि मला पुरापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी आई बोटीतून आली, एका हातात देवांचा डबा, दुसऱ्यात कुकर.

"वरच्या खोलीत बसले होते मी. तुम्ही दोघं काय रडताय?"

पुढे बाबा गेले आणि आई इकडे माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं रेघ मारली. "म्हातारीची उंची कसली मोजतेस?" ती हसली. मागच्या हिवाळ्यात तीही गेली... रेघ तेवढी राहिली.

काल दुपारी फोन केकाटला — पुराचा इशारा. मी नकळत चौकटीपाशी जाऊन उभी राहिले.

"इट्स जस्ट अ वॉर्निंग, आई. रिलॅक्स," लेक म्हणाली, आणि मला हसवायला स्वतःच चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

आजीची रेघ तिच्या हनुवटीला लागत होती.

बाहेर पाऊस कोसळत होता. मी तिचा हात धरला.

"आई, दॅट हर्ट्स," ती म्हणाली.

मला सोडवेना.