आतलं माणूस

आमच्या धाकटीच्या यजमानांपर्यंत पोचली नाही अशी अफवा ठाणे जिल्ह्यात आजवर निघालेली नाही, आणि पोचली पण त्यांना पटली नाही अशी तर मुळीच नाही. मुरबाडच्या पुढे म्हसा गावाच्या रस्त्याला त्यांची भाताची गिरणी आहे. आजूबाजूच्या गावांतली माणसं भात भरडायला येतात, पोत्यांना पाठ टेकून आपला नंबर येईपर्यंत बसतात. त्यांच्यापुढे मेहुणे उभे, भुवयांवर कोंडा बसलेला, एक हात गिरणीच्या पट्ट्याजवळ आणि तोंड चालू. इंजिनाच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि एवढ्या घशाच्या शिरा ताणून सांगितलेली गोष्ट खोटी असेल असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. घरी परतताना प्रत्येकाकडे तांदूळ, कोंडा, कणी आणि एक तरी भयंकर बातमी असायची. मी शहापूरला हायस्कुलात हेडक्लार्क. यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही आणि खात्री केल्याशिवाय कोणाच्या निधनाचीही बातमी पुढे देत नाही. अशा बाईला असे मेहुणे मिळाले, आणि तेही धाकट्या बहिणीचे, म्हणजे रागावता येतं पण तोडता येत नाही असे.

त्यांच्या सगळ्या बातम्यांचा उगम एकच, वाशिंदचा एक माणूस. तो तिथल्या कारखान्यात होता की कारखान्याजवळ राहत होता हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. त्याचं नावही कळलं नाही. मी विचारलं की मेहुणे म्हणायचे, "नाव काय करायचंय ताई, माणूस एकदम खात्रीचा हाय." हा खात्रीचा माणूस रोज मुंबईला जायचा आणि तिकडून काय काय ऐकून यायचा. त्याने स्वतः मात्र कधीच काही पाहिलेलं नसे. पाहिलेलं असे त्याच्या साडूने, किंवा साडूच्या शेजाऱ्याने.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यांच्या गावाजवळच्या ओढ्यावर पूल बांधायला घेतला. पुलाचा पाया टिकायला लहान मुलांची मुंडकी पुरावी लागतात, ही बातमी सिमेंटच्या आधी गिरणीवर येऊन पोचली. मेहुण्यांनी वैशालीला, म्हणजे माझ्या भाचीला, शाळेतून काढून घरी बसवलं. ती तेव्हा तिसरीत होती, एकुलती एक. मला कळल्यावर मी एसटी धरून गेले आणि म्हटलं, चला, आपण दोघं जाऊन मुकादमालाच विचारू. मला वाटलं ते ओशाळतील. ते आनंदाने आले, आणि वाळूच्या ढिगाशी उभ्या मुकादमाला त्यांनी सरळ विचारलं, "आमच्या पुलाला किती लागतात?"

"काय किती?"

"मुंडकी."

मुकादम पान थुंकून म्हणाला, "सिमेंट येत नाय टायमावर, मुंडकी कुठनं आणू शेठ?"

मी म्हटलं, ऐकलंत? परतताना मेहुण्यांनी दोनदा मागे वळून पुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "बघितलंत ताई, 'नाय' असं नाय बोल्ला. आणू कुठनं बोल्ला." वैशाली आणखी आठवडाभर घरीच होती.

सिद्धगडच्या बाजूला कोणी रात्री ट्रकने बिबटे आणून सोडतं, ही त्यांची दरवर्षीची बातमी. बिबट्यांची संख्या पाहुण्याच्या योग्यतेप्रमाणे वाढायची. जावयांना दोन, तालुक्याच्या माणसाला सात. म्हशाच्या जत्रेत गुंगीचा रुमाल नाकापुढे धरणारी माणसं फिरतात आणि मग आपण त्यांच्या मागे बैलासारखे चालत जातो, असं कळलं त्या वर्षी ते नाका-तोंडाला उपरणं गुंडाळून जत्रेत फिरले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे वाकून बघत राहिले. बैलबाजाराच्या कडेला एका हवालदाराने त्यांना धरलं. "ओ, तोंड सोडा आधी." मेहुण्यांनी उपरणं सोडलं नाही, कारण हवालदाराच्या हातात रुमाल होता. बहीण पाळण्यावरून उतरून धावत गेली म्हणून सुटले.

पण माझा संयम खरोखर सुटला तो बांगड्यांच्या वेळी. एका वर्षी संक्रांतीच्या आधी आवई उठली, की यंदाची संक्रांत एकुलत्या एक मुलांवर आहे, आणि अशा मुलाच्या आईने मावशीच्या घरून आलेल्या हिरव्या बांगड्या भरल्या पाहिजेत. आमच्या भागात हे एक नेहमीचं. दर दोन-तीन वर्षांनी कोणत्या तरी नात्यावर संक्रांत येते आणि कासार तेवढे खूश होतात. मला एकच मुलगा. मेहुणे किन्हवलीमार्गे एसटीने बांगड्या घेऊन शहापूरला निघाले. रस्त्याने एसटी अशी आपटली, की माझ्या दारात उतरून पुडी सोडली तर दोन फुटलेल्या. मी म्हटलं, "राहू द्या भावोजी, उरलेल्या भरते. चहा घ्या." ते पांढरे पडले. चहा न घेता तसेच परत मुरबाडला गेले आणि दुसऱ्या दिवशी नवा जोड घेऊन आले, या खेपेला पुडी धान्याच्या डब्यात, तांदळात पुरलेली. ऐन मार्चएण्डची फाइल समोर असल्यासारखी माझी चिडचिड झाली होती. तरी बांगड्या भरल्या. दुपारभर माझ्या हातांकडे बघून ते म्हणाले, "आता बरं वाटतं." माझा मुलगा तेव्हा मैदानावर क्रिकेट खेळत होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मांडूळ साप पकडून दिला की लाखो रुपये मिळतात, अमुक तांब्याच्या भांड्याकडे तांदूळ आपोआप ओढले जातात, असं सांगत माणसं तालुक्यात फिरायची, आणि चांगले शिकलेले लोक त्यांच्या मागे गेले. मेहुण्यांनी अशा दोघांना गिरणीच्या पायरीवरूनच परत पाठवलं. "फुकट कोण देतो रे, जा." फायद्याची अफवा त्यांना कधी शिवली नाही. त्यांचा सगळा विश्वास फक्त भीतीच्या बातम्यांवर, आणि त्यातही मुलांच्या.

म्हणूनच वैशाली बारावी झाली तेव्हा पंचाईत झाली. मार्क चांगले पडले, ठाण्याच्या एका इस्पितळाच्या नर्सिंगच्या यादीत नाव लागलं. पोरीने दुसरं काही मनात आणलेलंच नव्हतं. तीन वर्षं हॉस्टेलवर राहायचं होतं. मी सगळी व्यवस्था केली. दाखले, झेरॉक्सचे तीन संच, ट्रंक, चादरी. आणि शेवटच्या आठवड्यात वाशिंदचा माणूस गिरणीवर येऊन गेला. हॉस्टेलच्या पोरींना चहातून गुंगी देतात, सकाळी उठल्यावर पाठीला टाके असतात आणि एक किडनी गेलेली असते, हे त्याच्या साडूने पाहिलं होतं, म्हणजे साडूच्या शेजाऱ्याने. मेहुण्यांनी ट्रंक माळ्यावर टाकली. शिवाय बदलापूरकडचं एक स्थळ कोणीतरी सुचवून ठेवलंच होतं. मुलगा बरा, घरी शेती. त्या शुक्रवारपर्यंत वैशाली ठाण्याला हजर झाली नाही तर जागा दुसरीला, आणि पुढच्या मे महिन्यात हिचं लग्न, हे सगळ्यांना दिसत होतं. बहीण चुलीशी बसून म्हणाली, "ताई, तुझ्याच्यानं होत असेल तर बघ. माझं ते ऐकणार नाय."

मी माझ्या पद्धतीने गेले. आमच्या शहापूरच्या ओळखीच्या एक सिस्टर, वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेल्या, त्यांना रजा काढायला लावून गिरणीवर घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. रक्तगट जुळावा लागतो, तपासण्या लागतात, थिएटर लागतं, दोन-तीन डॉक्टर, भूल देणारा, सिस्टर, वॉर्डबॉय, दहाएक माणसं लागतात, चहा पाजून रात्रीत होणारं हे काम नाही. मेहुण्यांनी मान हलवत अक्षर न अक्षर ऐकलं. मग पोत्यांवर बसलेल्यांकडे वळून म्हणाले, "दहा माणसं. मी बोल्लो ना, टोळी असते."

परतीच्या एसटीत सिस्टर माझ्यापासून दोन बाकं सोडून बसल्या.

गुरुवारी मी पुन्हा गेले, आता नुसतं भांडायला. पण मला तोंड उघडायची गरज पडली नाही. दुपारचं भरडून संपलं होतं, इंजिन बंद होतं, मेहुणे पट्टा उतरवत होते. वैशाली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाबा, त्या वाशिंदच्या माणसानं सोता बघितलंय का?"

"त्याच्या साडूनं."

"साडूनं?"

"साडूच्या शेजाऱ्यानं. तू नको शिकवू मला."

"शिकवत नाय. एवढी वर्षं सांगताव तुमी, पण आतलं माणूस तुमाला एक पण नाय भेटलं. सगळी बाहेरची. मी आत असेन ना. थेटरात उभी असेन. कोणाची काढली, कोणाला लावली, मी सोता बघेन."

मेहुण्यांच्या हातात पट्टा तसाच राहिला.

"आतलं माणूस," ते हळूच म्हणाले.

"ते पण घरचं," वैशाली म्हणाली.

"जे बघशील ते खरं सांगशील?"

"त्यातलं खरं ते सांगेन."

ते भिंतीकडे बघत बसले. आयुष्यभर तिसऱ्याच्या चौथ्याकडून ऐकत आलेल्या माणसापुढे प्रत्यक्ष पाहणारी, स्वतःच्या पोटची, येऊन उभी होती. मी तिथेच त्यांना व्याख्यान देणार होते. बहिणीने माझा पदर मागून ओढला. शेवटी ते उठले आणि माळ्यावर चढले. ट्रंक खाली देताना म्हणाले, "चहा नाय प्यायचा तिकडं. दूध घ्यायचं. ते पण समोर तापवलेलं."

तीन वर्षं त्यांनी दर रविवारी मुरबाडच्या एसटीडी बूथवरून हॉस्टेलला फोन केला. पहिला प्रश्न, "पाठ बघितली का?" रूममधल्या मुलींना तो पाठ झाला होता, फोन वाजला की त्याच ओरडायच्या, वैशाली, पाठ बघून ये.

शिक्षण संपवून ती आली त्या दिवशी मेहुण्यांनी गिरणीवर माणसं जमवली होती. भरडायला भात नसलेलेही आले होते. तिला पोत्यावर बसवलं. "बोल आता सगळ्यांसमोर." वैशाली म्हणाली, किडनी कोणी पळवताना मी पाहिलं नाही. एका आईने मुलाला दिलेली पाहिली. दुसऱ्या एकाला मिळायची होती, तो वाट बघता बघताच वारला. तिथे माणसं वर्षंवर्षं वाट बघतात, बाबा.

 मग एक म्हातारी पोतं झटकत उठली. "मंग एवढ्यासाठी तीन वर्सां घातली का गो?"

मला वाटलं होतं मेहुणे काहीतरी पळवाट काढतील, तिला अजून आतल्या खोलीत घेतलं नसेल म्हणतील. पण त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "पोरगी बोलते तेच खरं. मी बोल्लो ते नाय." एवढं बोलून ते आत जाऊन भांड्यातलं पाणी घटाघटा प्याले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला, कोणास ठाऊक का, बरं वाटलं नाही.

वैशालीला पुढे मुरबाडलाच दवाखान्यात नोकरी लागली. अफवा येतच राहिल्या. लाल आकड्यांच्या नंबरवरून फोन आला की मोबाइल फुटतो, थंड पेयाच्या बाटलीत कोणी रोग्याचं रक्त घातलं आहे. लोक सवयीने गिरणीवर येऊन विचारायचे, आणि मेहुणे म्हणायचे, "थांबा, पोरीला विचारतो." पोरीची ड्यूटी रात्रीची असली तर उत्तर यायला दोन दिवस लागत, तोवर बातमीतला जीव गेलेला असे. हळूहळू माणसं पोती ठेवून कामाला निघून जायला लागली, भरडून झाल्यावर न्यायला येऊ म्हणून. इंजिनाच्या आवाजाखाली मेहुणे एकटेच उभे दिसायचे.

मागे एकदा मी गेले होते तेव्हा गावातल्या एका तरुण पोराची चर्चा होती. तो महिनाभर दिसत नव्हता, मुरबाडला दवाखान्यात आहे एवढंच लोकांना कळलं होतं. मेहुणे रोज वैशालीचा डबा घेऊन तिथे जायचे, त्यांनी त्याला पाहिलं असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघंतिघं मुद्दाम पोती घेऊन येऊन बसले. "काय झालंय त्याला? तुमच्या पोरीच्याच वॉर्डात हाय ना?" मेहुणे म्हणाले, "मला काय ठाव," आणि गिरणीची चाळण काढून झटकायला लागले. ती झटकायची वेळ नव्हती.

संध्याकाळी ते मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. गाडीला वेळ होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मी अगदी सहज, आवाज खाली करून विचारलं, "भावोजी, काय झालंय हो त्या पोराला? मी कुठं सांगणार आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना ठाऊक आहे, आतलं, खरं, प्रत्यक्ष पाहिलेलं. आणि ते पोटात ठेवून त्यांना किती जड जातंय तेही. मग त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"ताई, ते नाय सांगता येत. पोरीनं शपथ घेतलीय कामाची."

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली आणि खिडकीखाली उभे राहिले, उपरण्याने भुवया पुसत. पूर्वी याच खिडकीखाली उभं राहून गाडी सुटेपर्यंत ते बोलत असायचे आणि मी मनातल्या मनात कंडक्टरला घंटी मार म्हणायची. त्या दिवशी ते गप्प होते, मीही गप्प होते, आणि गाडी काही केल्या सुटत नव्हती.