शेगडी रोहिणीची, चटणी अण्णांची

"तुमचा पंखा धूर ओढतो की वर ढकलतो, तेवढं सांगा." सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे होते. "माझी आई दम्याची पेशंट आहे. काल रात्रभर खोकून बेजार झाली. रविवारी मी स्वतः खाली येऊन बसणार. पुन्हा ठसका लागला तर सोमवारी शटर उघडायचं नाही."

रोहिणी माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकंच फिरलं, कारण पंखा मी बसवलेला.

माझं काम एक्झॉस्टचं. भटारखान्यातला धूर बाहेर काढायचा. आधी सोलापुरातल्या कापड गिरणीत हवा खेळती ठेवायचं काम करायचो. गिरणी बंद पडली, मग हॉटेलं धरली. धूर पत्र्याच्या बोगद्यातून गच्चीवर जातो, त्याला डक्ट म्हणायचं. वर एक मोठा पंखा तो धूर ओढत असतो, तो ब्लोअर. बाकी सगळं आमचं बिल मोठं दिसावं म्हणून असतं.

रोहिणी सांगोल्याकडची. पुण्याजवळ एका कोरियन कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती, तिथंच शिकली. परत येऊन जुळे सोलापूर भागात, फ्लॅटच्या बिल्डिंगीखाली, कोरियन बार्बेक्यू काढलं. तिथं प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी. मुरवलेलं मटण, चिकन पातळ कापून कच्चंच समोर येतं. आपण भाजायचं, आपणच खायचं. भाकरी तेवढी आतून येते. शेगडीवर छतातून पाइप येतो, त्याचं तोंड खाली ओढून घ्यायचं. त्या तोंडाला हूड म्हणतात. शाकाहारी माणसांसाठी एका कोपऱ्यातली टेबलं तिनं वेगळी ठेवलेली. सगळी जमवाजमव एकटीनं केलेली. हे बंद पडलं असतं तर पोरीनं पुन्हा परक्या कँटीनमध्ये ताटं वाढली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारीच गेलो. प्रत्येक हूडखाली उदबत्ती धरली. धूर सरळ वर. टेबलाटेबलावर मटण भाजून बघितलं, शाकाहारी कोपऱ्यात पनीर. तरी धूर सरळ वर. गच्चीवर चढून ब्लोअरचा पट्टा तपासला, ताठ होता.

मग एसीसाठी लावून घेतलेली दारं दिसली. आता हे साधं आहे. खोलीतून हवा ओढायची तर कुठून तरी नवी हवा आत यायला हवी, नाहीतर पंखा बिचारा ओढणार काय? मागच्या भिंतीत जाळी बसवून दिली आणि म्हणालो, "संपला विषय."

संध्याकाळी रोहिणीचा फोन. "काका, वरून परत ओरडा आला. टेबलावरची माणसंही खोकतायत."

"तुझ्या मसाल्यात मिरची किती असते?"

"मिरची नाहीच. सोया सॉस, लसूण, थोडी साखर."

मी चिडलो. दुपारी शहाण्यासारखं चालणारं यंत्र संध्याकाळी वेड्यासारखं करतं म्हणजे काय? सकाळी जाऊन हूडच्या जाळ्या काढल्या. त्यांच्यावर लाल, तेलकट थर. त्यात जळके कण. बोट लावून वास घेतला आणि मलाच ठसका लागला. मटणाच्या धुराचा असा ठसका लागत नाही. ही मिरचीच.

रोहिणीनं शपथ घेतली. म्हटलं, आता गिऱ्हाईक होऊनच बघावं. शुक्रवारी बायकोला घेऊन गेलो. समोर कच्चं मटण आल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, वर्षातून एकदा बाहेर नेता, आणि इथंही मीच शेगडीपुढं?"

"मी भाजतो," म्हणालो. ती नको म्हणाली. तिला माझं भाजणं ठाऊक आहे.

तेवढ्यात रोहिणीचे वडील आले. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गिऱ्हाइकांना पाणी द्यायचं, बडीशेप द्यायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी भटारखान्याच्या दाराकडे एक नजर टाकली, टॉवेलखालून स्टीलचा डबा काढला आणि हळूच म्हणाले, "ताई, सपक लागंल. ही घ्या जरा. घरची हाय."

शेंगाची चटणी! उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक. बायकोचा चेहरा खुलला. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत तिनं चमचाभर चटणी शेगडीवरच्या मटणावर थापली आणि वरून डब्यातलं तेल सोडलं. सोलापूरची बाई, दुसरं काय करणार?

भस्सकन धूर झाला. माझ्या हूडनं निम्मा गिळला, बाकीचा गिऱ्हाइकांनी उघडलेल्या दारातून वरच्या मजल्यावर. आजूबाजूला बघितलं तर टेबलाटेबलावर हेच चाललेलं. शेंगदाणा जळत होता, मिरची जळत होती, आणि मी मूर्खासारखा पट्टे तपासत होतो.

अण्णांना बाजूला घेतलं. चांगलं फैलावर घेणार होतो.

"अण्णा, ही चटणी कधीपासून देताय?"

"पैल्या आठवड्यापास्नं. एक पावणा चव न्हाय म्हणून ताट सारून उठला की. पोरगी आत जाऊन रडली. म्या बगितलं." त्यांनी डबा पोटाशी धरला. "तिला सांगू नका. चटणी ठेवायची न्हाय म्हणती ती."

माझा राग तिथंच गळाला. पण धूर ह्या चटणीचा आहे आणि वर एका म्हातारीला दमा आहे, हे त्यांना सांगणं भाग होतं. सांगितलं. ऐकताना त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजी ह्ये समदं माज्यामुळं? म्या उद्याच्या यष्टीनं गावाकडं जातो."

रोहिणी मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं. क्षणभर वाटलं, आता बापावर भडकणार. तिचे डोळे भरून आले.

"कुठं जाताय? हे कसं खायचं ते लोकांना समजवायचं कुणी मग? माझं कुणी ऐकत नाही."

बायकोनं तोवर भाजलेल्या मटणाचा तुकडा मऊ भाकरीत गुंडाळला, वर चटणी घातली आणि रोहिणीच्या हातात दिला. "शेगडीवर कशाला? ताटात दे की." रोहिणीनं खाल्ला. कोरियन लोकही मटण हिरव्या पानात गुंडाळून तिखट लावूनच खातात, असं ती हळूच म्हणाली. रात्री हॉटेल बंद झाल्यावर मी हूडच्या जाळ्या काढून धुवायला गरम पाण्यात घातल्या.

रविवारी हॉटेल भरलेलं. सेक्रेटरी आले, रुमालासकट. शाकाहारी टेबलावर बसून पनीर भाजायला लागले. रोहिणी गल्ल्याजवळ उभी, तोंडावर रंग नाही. ताटात चटणी दिसताच साहेबांचा चमचा वळला तो थेट शेगडीकडे. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. ते कोण आहेत हे अण्णांना ठाऊकच नव्हतं.

"साहेब, भाकरीवर घ्या. शेगडीवर न्हाय. वर एका म्हातारीला दमा हाय, तिला लई तरास हुतो."

सेक्रेटरींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि रुमाल घडी करून खिशात टाकला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "ती माझीच आई."

सोमवारी शटर वेळेवर उघडलं. उदबत्तीची टेस्ट मी अजूनही करतो, पण तेवढ्यावर काम पास करत नाही. आधी माणसं जेवायला बसवतो, त्यांना हवं ते करू देतो, आणि कोण काय टॉवेलखाली लपवतंय ते बघतो.