विलायतेच्या मालिकेतली भिंत

भंडारदऱ्याच्या एका विश्रामगृहात स्वयंपाकाच्या कामाला लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शाळा सातवीतच सुटलेली. गाव जामखेडकडचं. जिल्हा एकच, पण एसटीनं अख्खा दिवस मोडायचा. ओळखीचं कुणी नव्हतं. तिथं भांडी घासणाऱ्या मावशीनं मला आपल्या घरात घेतलं. नातं काहीच नाही. त्याच श्रावणात तिचा नवरा वारला होता. "एकटीला घर खायला उठतं, तू ये," एवढंच म्हणाली. भाड्याचं विचारलं तर रागावली. तिच्या उपकाराचं मला ओझं वाटे आणि धाकही वाटे. हातून एखादं ताट पडलं तरी वाटायचं, आता ही म्हणेल, दुसरीकडं बघ.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. त्याच हिवाळ्यात विलायतेच्या टीव्हीची माणसं आली. तिकडं घरोघर बघतात अशा मालिकेचा काही भाग इथं घ्यायचा होता. त्यांच्यातली एक गोरी बाई फक्त जागा निवडायची. चार दिवस पाड्यापाड्यांत हिंडली आणि शेवटी मावशीच्या घरासमोर येऊन थांबली. भिंतीवर पावसाचे ओघळ उतरलेले, खालचे पोपडे सुटलेले. बाईनं भिंतीवरून हळूच हात फिरवला. त्यांच्याबरोबरचा पुण्याचा दुभाष्या म्हणाला, "पसंत पडलं. गोष्टीत हे हिमालयातलं गाव दाखवणार."

विश्रामगृहातले आचारीमामा हसले. "मावशे, तुझं घर हिमालयात चाललं बघ. म्हशीला स्वेटर वीण आता!"

"तुमाला आधी विणते, मामा. तुमीच लई गारठलाय," मावशी म्हणाली. श्रावणानंतर ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

मला मात्र त्या भिंतीची लाज वाटली. आमच्याकडं साधा पाहुणा यायचा तरी आई आदल्या दिवशी घर सारवून घ्यायची. इथं तर सातासमुद्रापलीकडची माणसं येणार. शूटिंगच्या आदल्या दिवशी मावशी राजूरच्या बाजाराला गेली. विश्रामगृहातल्या झाडांच्या बुंध्यांना लावून उरलेला चुना मी मामांना विचारून आणला. पोपडे खरवडले, दोन हात दिले, खाली गेरूचा पट्टा ओढला. दुपारपर्यंत घर लखलखीत झालं. मावशीला किती आनंद होईल, हेच डोक्यात.

मावशी आली. डोक्यावरची पाटी तिनं उतरवलीच नाही. तशीच उभी राहिली.

"कुणी सांगितलं हुतं तुला?"

मी हातातला कुंचा खाली ठेवला.

"घरातलं मानूस गेल्यावर वरीस झाल्याबिगर भिंतीला हात लावत न्हाईत आमच्यात. दिवाळीला सगळ्या पाड्यानं घरं रंगवली, मी रंगवलं का? दिसलं न्हाई तुला?"

दिसलं होतं. मला वाटलं होतं, दुःखात तिला जमलं नसेल. तिनं ठरवून ठेवलेली भिंत होती ती. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. मी पिशवीत कपडे भरून ठेवले.

सकाळी गाड्या आल्या. गोरी बाई भिंतीकडं बघून मटकन दगडावर बसली. तिच्या माणसांत बोलाचाली झाली. दुभाष्या माझ्याकडं वळला, "अहो, या भिंतीसाठीच हे घर घेतलं होतं! ती तशी का होती ते आम्हाला ठाऊक नाही, पण तशीच हवी होती." मग दोन माणसं बादलीत चहाचं पाणी आणि माती कालवून आली, भिंत जुनी करायला. त्यांनी पहिला फराटा मारला तोच मावशी दारातून बाहेर आली.

"थांबा. परक्या हातानं न्हाई."

दुभाष्यानं सांगितल्यावर ती माणसं बाजूला झाली. मावशीनं बादली ओढून घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

"उभी काय? चुलीवरची काजळी आन."

मी आणली. ती माती लावत गेली, मी काजळी. ओघळ कुठून कुठवर होते ते तिला पाठ होतं. "हितं न्हाई, त्या वाशाखाली. पानी तिथनं गळतंय," असं सांगत राहिली. कॅमेऱ्याची माणसं बघत उभी होती. भिंत पहिल्यासारखी झाली नाहीच. तरी गोऱ्या बाईनं मान हलवली आणि काम सुरू झालं.

आम्ही दोघी मागच्या अंगणात हात धूत बसलो. माझी भरलेली पिशवी तिनं सकाळीच पाहिली असणार.

"श्रावणात वरीस भरंल," ती म्हणाली. "मग पाऊस उघडला की दसऱ्याला चुना तूच लाव. माझे हात दुखत्यात."

मी ओल्या हातानंच डोळे पुसले.

"आता रडतीस कशापायी? भात लाव जा. ती मानसं काय आपल्याला जेवाय घालनार हायेत?"