फक्त फुलं पाहण्यासाठी

माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स मी कुणालाही कोरी देत नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या स्टिकरसाठी दिली, तेव्हाही तिच्यावर दोन तिरक्या रेघा मारून मध्ये ‘फक्त स्टिकरसाठी’ असं लिहिलं आणि खाली सही केली. वारज्यातला आमचा झेरॉक्सवाला मला बघितलं की आधी मार्कर पुढे करतो, मग कागद मागतो.

त्यामुळे फुलांच्या पठारावर जायचं ठरलं, तेव्हा मी आधी पासाचा अर्ज वाचून काढला. पासासाठी नाव, पत्ता, मोबाईल, आधार नंबर, जन्मतारीख, रक्तगट, आजार, शिवाय काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं त्याचा नंबर. वर गेटवर आधारची प्रत द्यायची ती वेगळीच.

“मी फुलं बघायला चाललोय, की फुलं मला बघायला येणार आहेत?” मी बायकोला विचारलं.

“अहो, तुमची माहिती चोरून कुणी करणार काय? तुमच्यासारखं व्हायचंय का कुणाला?” एवढं बोलून तिने दहा मिनिटांत दोघांचे पास काढले. सगळी माहिती खरी भरून!

तिची घाई खरी होती. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी एकदा आपल्या पायांनी ते पठार चढायचं, एवढंच तिचं मागणं होतं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला मी, असा बेत होता.

आदल्या दिवशी मी माझी प्रत तयार केली. जाड काळ्या मार्करने लिहिलं, ‘फक्त फुलं पाहण्यासाठी. अन्य कोणत्याही कामासाठी ग्राह्य नाही.’ एक ओळ नंबरावरून, एक फोटोवरून, आणि खात्री वाटेना म्हणून आणखी दोन आडव्या. मूळ कार्ड कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. फोनमधला कार्डाचा फोटो तर मी केव्हाच पुसून टाकला होता.

गेटवरच्या खिडकीत गावातलेच एक मामा बसले होते. बायकोच्या प्रतीवर त्यांनी शिक्का मारला. माझी प्रत उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

“ह्यात मानूस कुठं हाय?”

“मी समोर उभा आहे ना.”

“तुमी हाय, पन कागदात न्हाई. वैनींना जाऊ द्या, तुमी थांबा.”

बायकोने वरच्या वाटेकडे बघितलं. ओबडधोबड दगडी पायऱ्या, धरायला कठडा नाही.

“तू हो पुढे हळूहळू,” मी म्हणालो.

“आणि हात कोण देणार? तुमचा मार्कर?”

मामांना तिची दया आली असावी. पास काढलेल्यांची छापील यादी त्यांनी समोर ओढली. “तोंडी सांगा. जुळलं तर सोडतो.” यादी चांगली ऐसपैस उघडी होती. माझ्या वरच्या ओळीतल्या बाईंचा मोबाईल नंबर मला उलटा असूनही वाचता आला. मग माझा किती जणांनी वाचला असेल?

मी खिडकीत डोकं घालून कुजबुजलो. वारा सुटला होता. “मोठ्यांदा बोला!” मामा म्हणाले, आणि मी सांगितलेला आधारचा एकेक आकडा स्वतःही खणखणीत उच्चारून टिक करू लागले. मागे कॉलेजच्या पोरापोरींची रांग. नंबर झाला, जन्मतारीख झाली, रक्तगट झाला.

“आजार?”

“तो कशाला?”

“लिवलाय हितं. जुळाया नको?”

मी बायकोकडे बघितलं. ती काठीवर भार देऊन उभी होती आणि हसू दाबत होती.

“मूळव्याध,” मी म्हणालो.

“मूळव्याध!” मामांनी साऱ्या दरीला कळवलं आणि शिक्का मारला.

“काका, वर दगडावर बसू नका हं,” रांगेतून कुणीतरी आपुलकीने सांगितलं.

चढायला आम्हाला तासभर लागला. दर पाच-सहा पायऱ्यांनी ती थांबायची, माझं मनगट घट्ट धरायची. वर पोचलो, तर नजर जाईल तिथवर जांभळं पठार. ती बसली, पाय लांब केले आणि बघत राहिली.

“ती यादी संध्याकाळी कुठे जाते गं?” मी विचारलं.

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “पुन्हा इथवर येईन की नाही कोण जाणे.”

मी तिच्या शेजारी, दगड टाळून बसलो. बराच वेळ.

उतरताना लांबूनच दिसलं, की मामांची खिडकी रिकामी आहे आणि टेबलावर यादी नाही. मी मान उंच करून बघू लागलो.

“अहो, पायरी बघा,” तिने माझा हात खेचला. “मी पडेन.”

मी पायरी बघितली.