अर्धवट सोडलेलं मशीन

फ्रिजच्या कारखान्यात तिचं काम नुसतं बघण्याचं होतं. रंग मारून, भट्टीतून भाजून पट्ट्यावरून पुढे सरकणारा प्रत्येक दरवाजा ट्यूबलाइटच्या उजेडात तिरका धरायचा आणि त्यात खोट शोधायची. कुठे रंगाचा ओघळ आलाय, कुठे धुळीचा कण अडकलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहिलाय. एकोणीस वर्षं तिने हेच केलं. मग कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. पण डोळे काही घरी बसेनात. भिंतीवरचा पोपडा, ताटाचा टवका, शेजारणीच्या दाराचा वाकडा पट्टा, सगळं तिला दिसायचं. नवरा म्हणायचा, "माझ्याकडे अशी तिरकी बघू नकोस. माझा रंग उडालाय, मला ठाऊक आहे."

तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची, तीन मजली बिल्डिंग होती. बारा फ्लॅट, सगळे भाड्याने दिलेले. प्रत्येकात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह, सगळं जुन्या बाजारातून उचललेलं. भाडेकरू गेला की दुसरा यायच्या आत या वस्तू नव्यासारख्या दिसायला हव्यात, अशी भावोजींची इच्छा. "तू घरचीच आहेस," ते म्हणाले, "बाहेरच्याला कशाला बोलवायचं?" तेव्हापासून ती डब्यात पॉलिश पेपर, चिकटपट्टी, थिनर आणि फवारायचं यंत्र घालून त्या बिल्डिंगचे जिने चढू लागली. भाडेकरू तिला फिनिशिंगबाई म्हणू लागले.

लोकांना वाटतं, रंगवायचं म्हणजे रंग मारायचा. रंगाला लागतो अर्धा तास. त्याआधी जुना तेलकट थर धुवायचा, गंज खरवडायचा, पोरांनी फ्रिजवर चिकटवलेली कार्टूनं नखाने सोलायची, त्यांचा गोंद थिनरने काढायचा, खड्डे बुजवायचे, घासायचे, पुन्हा बुजवायचे, पुन्हा घासायचे, मग प्रायमर. त्यात दोन दिवस सहज जातात. आणि भावोजी नेमके खरवडण्याच्या वेळेलाच टपकायचे. दारात उभे राहून म्हणायचे, "अजून रंग नाही?" दर वेळी. शब्दसुद्धा बदलायचे नाहीत. ती तोंडाला बांधलेल्या फडक्याआडून काहीतरी पुटपुटायची, आणि ते ऐकू जायचं नाही हेच बरं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये ते मशीन होतं. खालचा पत्रा गंजून भुसभुशीत झालेला, डाव्या बाजूला बादली आपटल्यासारखा पोचा. दोन दिवसांनी नवीन भाडेकरू येणार होती. तिने सकाळपासून घासायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत एक अख्खी बाजू चकचकीत पत्र्यापर्यंत उघडी केली. आत पाणी डचमळत होतं. ते काढून टाकावं म्हणून तिने प्लग लावला, बटण दाबलं आणि मशीन सरकवायला ओला हात पत्र्यावर ठेवला.

खांद्यापर्यंत झटका बसला. ती मागे जाऊन ओट्यावर आदळली. थोडा वेळ तिला फक्त पाण्याच्या पंपाची घरघर ऐकू येत होती.

मग तिने उठून बटण बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. तिसरी, जाड पिन कुणीतरी मुद्दाम तोडलेली. कधीतरी दुसरीकडे दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून असणार. तळमजल्यावर राहणाऱ्या वायरमनला तिने वर बोलावलं. त्याने तिन्ही पिना असलेला नवा प्लग लावून पाहिला, टेस्टर टेकवला, मागचं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"आतली वायर ओलीने कुजलीय. आणि या भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नाही, तेव्हा तिसरी पिन असून नसून सारखीच. रंग होता तोवर करंट दबून होता, मुंग्या येत असतील फार तर. तुम्ही रंग काढलात म्हणून कडकडून लागला."

तिने तिथूनच भावोजींना फोन लावला.

"भावोजी, मशीनला शॉक येतोय. आधी वायरिंग करून घ्या, मग रंगाचं बघू."

"अगं, जुन्या मशीनला थोडंफार येतंच. रंग मारलास की बंद होईल."

"बंद नाही होणार, झाकलं जाईल. पुन्हा ओरखडा पडला की जो हात लावेल त्याला बसेल."

"तुला रंग द्यायला बोलावलंय, डॉक्टरकी करायला नाही. परवा माणसं येतायत."

"सॉकेटला अर्थिंग तरी करा."

"बघू नंतर. तू कोट मारून टाक."

दहा मिनिटांत ताईचा फोन. ताई नेहमीप्रमाणे मधाळ आवाजात म्हणाली, "अगं, यांचं डोकं फिरलंय आज. मारून टाक ना एवढा हात. तुझ्यासाठी काय अवघड आहे?"

अवघड नव्हतंच. सगळा राग त्याचाच होता. प्रायमर तयार होता, रंग ढवळलेला होता, तासाभरात ते मशीन असं दिसलं असतं की खुद्द कारखान्यातल्या साहेबांनी पास केलं असतं. एकोणीस वर्षं तिने खोट दिसली की दरवाजा पट्ट्यावरून खाली उतरवला होता, साहेब कितीही ओरडले तरी. आणि आता घरचं माणूस म्हणत होतं, खोट असू दे, वरून छान कर.

तिने रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग पेपर घेतला आणि दुसरी बाजूही खरवडायला लागली. समोरचा भागही. संध्याकाळपर्यंत तिने मशीनवर रंगाचा ठिपका ठेवला नाही. उघडं, करडं, गंजाचे तपकिरी डाग मिरवणारं ते धूड कुणालाही नवं म्हणून खपवता आलं नसतं. तिने वायर गुंडाळून वर ठेवली, फ्रिजला तेवढा शेवटचा हात मारला आणि डबा उचलून घरी निघून गेली.

नवीन भाडेकरू नर्स होती, सोबत तिची आई. सामान घेऊन त्या ठरल्या दिवसाच्या आदल्याच दुपारी आल्या आणि हमालाने त्यांची गादी अजून न वाळलेल्या फ्रिजला टेकवली. फिनिशिंगबाई फ्रिजवरची चिकटपट्टी काढायला आली तर गादीला पांढरा पट्टा आणि फ्रिजला कापसाचे तंतू. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक दिवस! एक दिवस थांबला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?" ती ओरडली. नर्स बिचारी गोरीमोरी झाली. मग हिलाच लाज वाटली, पण माफी काही तोंडातून निघेना. नर्सने विषय बदलावा म्हणून मशीनकडे बोट केलं. "हे असं का आहे?"

"कारण त्याला शॉक येतो," ती म्हणाली. "दुसरं मागा. आणि सॉकेटला अर्थिंग करून घेतल्याशिवाय काही लावू नका."

नर्सने भावोजींना सांगून दोन्ही करून घेतलं. सही केलेल्या करारात चालू मशीन लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना पर्याय नव्हता. त्यांनी मेव्हणीशी बोलणं टाकलं. ताई फोनवर नुसती "बरी आहेस ना?" विचारून ठेवून द्यायची, तेही ते घरात नसताना.

दीड महिन्याने ताईचाच निरोप आला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या फ्रिजचं दार फारच खराब झालंय, येशील का? ती गेली. मनात म्हटलं, चला, पाणी निवळलं. आजोबा एकटेच राहायचे, बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश. ती हात धुवायला मोरीकडे वळली आणि जागच्या जागी थांबली.

कोपऱ्यात मशीन. पांढराशुभ्र रंग, पण असा मारलेला की ओघळ थेट खालपर्यंत आलेले, ब्रशचे केससुद्धा रंगात अडकलेले. आणि डाव्या बाजूला बादली आपटल्यासारखा पोचा.

"हे कधी आलं?" तिने विचारलं.

"महिना झाला असेल. चांगलं चालतं हं."

"हात लावला की काही होतं?"

"थोड्या मुंग्या येतात," आजोबा हसत म्हणाले. "मालक म्हणाले, जुन्या मशीनचं असं असतं. मी आपला रबरी चपला घालून कपडे टाकतो. सवय झालीय आता."

सवय झालीय! तिला त्या शांत, समजूतदार म्हाताऱ्याचाच पहिल्यांदा राग आला. मग भावोजींचा, मग ज्याने तो ब्रश फिरवला त्याचा, आणि मग स्वतःचा. तिने मशीन उघडं टाकलं तेव्हा ते तिथून कुठे जाणार, हा विचारच केला नव्हता. तिने खोट दाखवली होती फक्त. नर्स बोलायला खमकी होती म्हणून सुटली. आजोबा तसे नव्हते.

तिने प्लग काढला, डब्यातली पक्कड घेतली आणि मशीनपासून वीतभर अंतरावर वायर कापली. तुटलेला लांब तुकडा गुंडाळून डब्यात टाकला. आजोबा आ वासून बघत होते. "तुमचे कपडे उद्यापर्यंत मी माझ्या घरी धुऊन आणते," ती म्हणाली, "पण याला आता कुणी सुरू करणार नाही." मग तिने भावोजींना फोन करून केलेलं सगळं सांगितलं. तिकडून जे ऐकू आलं, ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मशीन भंगारात गेलं. आजोबांना दुसरं मिळालं. नर्सने आणि वायरमनने मिळून सगळ्या भाडेकरूंना गोळा केलं होतं, त्यामुळे बाराही फ्लॅटमध्ये अर्थिंग झालं. भावोजींनी जिन्यातल्या पाटीवर लिहून लावलं की मालकांनी सर्वांच्या सुरक्षेसाठी हे काम करून घेतलं आहे. ती पाटी तिला आजोबांनी फोनवर वाचून दाखवली. तिने फोन कानापासून लांब धरला.

ताई एकदा घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं. पण आधी नीट सांगायचंस."

"नीटच सांगितलं होतं. त्यांनाही आणि तुलाही."

"तसं नाही. गोड बोलून."

तिने कप खाली ठेवला. ताई निघताना हळूच म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग सोलायला लागलाय, सावकाश ये. ती "बघते" म्हणाली, आणि अजून गेलेली नाही.

त्या बिल्डिंगचं काम सुटलं ते सुटलंच. नर्सने तिचं नाव आपल्या हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरला सांगितलं, आणि सध्या ती तिथल्या लोखंडी खाटा रंगवते. खाटा चाळीस आहेत. आधीच्या रंगाऱ्याने धुळीवरच रंग फासलाय, त्यामुळे प्रत्येक पाय मुळापासून खरवडावा लागतो. स्टोअरकीपर दिवसातून दोनदा दारात येऊन उभा राहतो.

"अजून रंग नाही का, बाई?"

"नाही," ती तोंडावरचं फडकं खाली ओढून, त्याला नीट ऐकू जाईल असं म्हणते, आणि पुन्हा घासायला लागते.