आईचा चढलेला आवाज

गळीत हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या हवेत मळीचा आंबूस-गोडसर वास भरून राहतो. आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि तो वास घरात घुसला, इथल्या माणसांसारखाच, न विचारता. मी ओढणी नाकाला लावली आणि आई आठवली. तिला हा वास आवडायचा. शेवटी शेवटी तिला इथलं सगळंच आवडायला लागलं होतं, आणि तेच मला सहन होत नसे.

वडील गेले त्याच वर्षी माझी बदली कोल्हापूरला झाली. रत्नागिरीकडच्या आमच्या एकत्र घरात आईला एकटीला मागे ठेवणं मनाला पटेना, म्हणून तिला बरोबर आणलं. आमच्या घरात आवाज चढवणं म्हणजे असंस्कृतपणा. इथे दोन माणसं सुखानं गप्पा मारत असली तरी भांडण सोडवायला जावंसं वाटतं. सामान उतरवायच्या आधीच समोरच्या बाईंनी विचारलं होतं, "पगार किती हाय? आणि लगीन का न्हाय केलं?" या गावाची स्वतःविषयीची खात्री तर अचाट. इथलं दूध, इथलं मटण, इथली चप्पल, इथलं पाणीसुद्धा ‘लई भारी’. तिखटाला चव समजणारं, उर्मटपणाला मोकळेपणा म्हणणारं गाव, असं मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. आणि ते मत बदलावं असं फारसं काही नंतरही घडलं नाही.

त्या समोरच्या बाई कर्नाटक सीमेकडच्या, लिंगायत व्यापारी घरातल्या. आईला त्या ‘अक्का’ म्हणत. "काय करायलाय अक्का? जेवलासा का? चला की बाजारला!" असं दारातूनच ओरडून तिला घेऊन जात. मंगळवार पेठेतून भाजी घेऊन परतलेली आई मग स्वयंपाकघरात स्वतःशीच ‘व्हय की’, ‘न्हाय की’ असं पुटपुटायची, नवं कानातलं घालून बघावं तसं. माझ्या अंगावर काटा यायचा. किती शुद्ध, किती मऊ बोलायची माझी आई!

मग एका दुपारी रत्नागिरीहून धाकटे काका आले. आमसुलांची पुडी ठेवली, पाणी प्यायले, आणि आमच्या त्या साजूक भाषेत हळुवारपणे म्हणाले, "वहिनी, आग्रह नाही हो. पण आमच्या हिचे गुडघे धरलेत, येणंजाणं असतं, घराला बाईमाणूस हवं. तुमचा जीव तरी इथे कुठे रमत असणार? उद्या सकाळच्या गाडीनं निघू." आग्रह नाही म्हणत त्यांनी गाडीसुद्धा ठरवली होती. मी त्यांना टाळण्यासाठी शब्द जुळवत बसले: तिची तब्येत, थंडी, पुढच्या महिन्यात बघू. काका प्रत्येक सबब हसून बाजूला सारत होते. आई पदराचं टोक पिळत खाली बघत होती. हे चित्र मी लहानपणापासून पाहिलेलं. आता ती "बरं" म्हणणार आणि उठून पिशवी भरणार.

"न्हाय येत मी," आई म्हणाली.

काका हसले. "वहिनी, हे काय बोलणं?"

"न्हाय येत म्हटलं की!" जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज. "लई वर्षं भाकऱ्या थापल्या तिथं. आता माझ्या हातानं करा की!" चुकलंच होतं ते, तिला ‘तुमच्या’ म्हणायचं होतं. पण कुणालाही हसू आलं नाही. काका चहा न घेता उठले. मी तिला पाणी दिलं, तेव्हा नेहमीच्या आवाजात तिनं विचारलं, "फार ओरडले का गं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर आई राहिली ती इथेच, आणि गेलीही इथूनच. मला ही बोली आजही रांगडी, अंगावर येणारी वाटते. पानातली तांबड्या रश्श्याची वाटी मी अजूनही बाजूला सरकवते. पण कधी दुपारी निवांत बसले की मनात येतं, आमच्या त्या गोड भाषेत नकाराच्या किती नाजूक तऱ्हा होत्या, आणि त्यातली एकही माझ्या आईच्या उभ्या जन्मात कामी आली नव्हती.