शमुवेलचं प्लास्टर

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की पायावर घातलेलं प्लास्टर ही पेशंटची मालमत्ता नसते. हाड जुळलं, की ते कापून काढण्याचा हक्क प्लास्टर टेक्निशियनचा, म्हणजे माझा. आमच्या जालन्याच्या मिशन दवाखान्यात हा कायदा सगळ्यांना मान्य होता. वडीगोद्रीच्या शमुवेलला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. मी कातर घेऊन उभा, आणि हा दोन्ही हातांनी पाय झाकून बसलेला.

"ऱ्हाऊ द्या मामा. माझं हे बराबर हाय."

तीर्थपुरीच्या बाजाराहून येताना बैलगाडीचा कासरा त्याच्या हातात होता. त्याचा डोळा लागला आणि गाडी पुलाखाली गेली. शमुवेलचा पाय मोडला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ दाविद जागीच गेला. घर ख्रिस्ती. पापाची क्षमा मिळते, हे शमुवेलला तोंडपाठ होतं. ती आपल्याला लागू नाही, एवढं मात्र त्याने परस्पर ठरवलं होतं. जड पाय ओढत जगायचं, ही शिक्षा त्याला पुरेशी वाटत नव्हती. पण हाताशी तेवढीच होती.

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला सांगितलं, "हाड जुळलंय. आणखी ठेवलं तर गुडघा आखडेल, मग जन्मभर काठी. पण जबरदस्ती नको. समजाव त्याला."

नाताळच्या नाटकात मी दरवर्षी हेरोद राजा व्हायचो. आवाजाची कमी नव्हती. क्रूस, क्षमा, प्रभूच्या पायाशी ओझं ठेवणं, सगळं हातवारे करून सांगितलं. शेजारच्या खाटांवरचे दोघे रडले. शमुवेलने विचारलं, चहा कधी येतो?

शेवटी मी त्याच्या आईला निरोप धाडला. मार्थाबाई एसटीने आल्या. दाविदची माती झाल्यापासून मायलेक एकमेकांशी धड बोलले नव्हते. आपलं तोंड पाहणं माय टाळते, अशी याची खात्री. बाई खाटेवर टेकल्या. बोटाच्या पेराने प्लास्टर वाजवून पाहिलं.

"देवाच्या लेकानं खिळे सोसले, ते कमी पडले व्हय रे तुला? त्याच्यावर हा चुना बांधून बसलास?" मग आवाज खाली आला. "एक मातीत दिला. दुसरा लंगडा न्हाई नेणार मी."

शमुवेलने हात बाजूला केले. मी कापलं. आतला पाय वाळलेला, सालपटं सुटलेला. मार्थाबाईंनी तो मांडीवर घेऊन तेल चोळलं.

गुडघा पुढे वाकायला लागला, थोडं लंगडणं राहिलं. धंद्याचा धडा एवढाच: प्लास्टर काढल्यावर माणसाला लगेच चालता येत नाही, हे त्याला आधी सांगून ठेवावं. मी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तो आईचा खांदा धरून उभा राहिला, आणि भर वॉर्डात त्याच्या तोंडून निघून गेलं:

"लई हलकं लागून राह्यलं, माय. पण दाविदबिगर घरी कसं जाऊ?"